सुई, टाचणी आणि पुलावरची जागा

आधी नुसतं ऐक. मध्ये तोंड घालू नकोस, प्रश्न शेवटी विचार. नाहीतर मी भलतीकडेच जाईन आणि कुत्री राहील बाजूला.

तर टाचणी. खरं नाव वेगळं, पण ते आईशिवाय कुणी घेत नाही. अंगानं काडी, आणि बोलणं असं की समोरच्याला आधी कळतच नाही, घरी जाऊन जेवायला बसला की मग टोचतं. बॅगांच्या कारखान्यात पट्टे शिवते. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि थंडी पडली की दर रविवारी शिकारीला जायचे. हौस म्हणून नाही हं, रीतसर परवान्यानं. रानडुकरं एका रात्रीत शेताचं शेत उकरून ठेवतात, म्हणून आठ घरांनी मिळून पथक केलेलं.

या पथकाची एक गंमत आहे, ती आत्ताच लक्षात ठेव. तिथे जागा माणसाला मिळत नाही, कुत्र्याला मिळते. कालव्याकाठी पुरुषभर उंच गवत, त्याच्या भोवती उभं राहायच्या आठ जागा. मोसमाच्या पहिल्या दिवशी, उजाडता, ज्या घराचं जनावर वजनकाट्यापाशी हजर, त्या घराची जागा कायम. जनावर नाही, तर जागा रांगेतल्या पुढच्याला. त्यात पुलावरची जागा सगळ्यात मानाची, कारण डुक्कर पळालं की बहुतेक तिथूनच पळतं. ती बावीस वर्षं बाबांची. आणि त्या जागेसाठी रांगेत पहिला होता पथकातलाच सलूनवाला. चार वर्षं थांबलेला. बाबा केस कापायला बसले की मानेवर वस्तरा ठेवून विचारायचा, "कुत्रं कसंय? खातंय ना नीट?"

आणि एकाच महिन्यात दोन्ही झालं. बाबा शिडीवरून पडले, खुबा मोडला, डॉक्टरांनी सांगितलं की आता चालणं काठीवर आणि शिकार विसरा. तिकडे त्यांचा म्हातारा कुत्रा दांडगा, तोही गेला. झोपेतच गेला, काही त्रास नाही. पण जाण्याआधी त्यानं बेकरीवाल्या मावशीच्या कुत्रीला पिल्लं दिली होती. रीत अशी की बाप ज्या घरचा, पहिली निवड त्या घरची.

बाबांनी पलंगावरून फर्मान काढलं. "नर आण. छाती बघ, पंजे बघ. आणि भावजींना घेऊन जा."

भावजी म्हणजे थोरलीचा नवरा. विम्याचे एजंट. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक गोष्टीत कलम काढणार. आणि बाबांची बंदूक आता आपल्या खांद्यावर येणार, हे त्यांनी मनातल्या मनात कधीच ठरवून टाकलेलं. टाचणीनं काय ठरवलंय हे कुणी विचारलंच नव्हतं. लहानपणापासून बाबांच्या मागे मागे त्या पुलावर तीच उभी राहायची, थंडीनं नाक गळत असताना. पण ते सगळ्यांच्या हिशेबी लाडाचं होतं, उभं राहणं नव्हतं.

बेकरीत भट्टीच्या मागे ऊब असते, तिथे गोणपाटावर दोनच पिल्लं, बाकीची जगली नव्हती. एक नर, एक मादी. नर म्हणजे अगदी दांडगाच, मोठं डोकं, पंजे बशीएवढे, आल्या आल्या भावजींच्या बुटाची नाडी धरली आणि सोडेना. भावजी खूश. "बघ, ओळखलं मला." मादी सडपातळ, एक कान दुमडलेला. ती नाडीकडे आली नाही, बुटाच्या तळव्याचा वास घेत बसली. कुठून आला, कशावर पाय दिला, सगळी चौकशी.

भावजींनी नराला काखेत मारलंसुद्धा होतं. टाचणी म्हणाली, "थांबा. मावशी, चरबीचा एक तुकडा आहे का?"

मावशीनं दिला. टाचणीनं तो दोऱ्याला बांधला आणि जमिनीवरून ओढत नेला. टेबलाखालून, दोन पायांमधून, वळून पुन्हा मागे, भिंतीच्या कडेनं आणि शेवटी रिकाम्या पोत्यांच्या खाली. बेकरीची फरशी, पिठाचा थर पडलेला. मग दोन्ही पिल्लं सोडली.

नर सुटला तो बाणासारखा. पहिल्या वळणाला सरळच गेला, भिंतीला धडकला, तिथे उभा राहून असा भुंकला की फळीवरचे तवे वाजले. आणि मग आला परत भावजींकडे, शाबासकी घ्यायला. मादी आवाज न करता गेली. हळू. वळणाला थांबली, एक पाऊल मागे आली, वळली. पोत्याखाली शिरली आणि चरबी खाऊन मगच एकदा भुंकली, बारीक आवाजात, काम झाल्याचं कळवल्यासारखं.

पिठात सगळं उमटलेलं. नराचे पंजे म्हणजे गोंधळ. मादीचे पंजे दोऱ्याच्या रेघेवरून, एकही बाहेर नाही.

"ही," टाचणी म्हणाली.

"ही काय ही? नर आणायला सांगितलाय."

"चांगलं जनावर आणायला सांगितलंय. बाबांना वाटतंय ते नर असेल."

"अगं, वर्षातून दोनदा माजावर येईल. त्या दिवसांत बाकीच्या सात कुत्र्यांची डोकी फिरतील. आणि आवाज ऐकलास? गवतात कुत्रं दिसत नाही, पथक कानावर शिकार करतं. हा आवाज कोण ऐकणार?"

"ज्याला कान आहेत तो."

मावशी पीठ झटकत म्हणाली, "भांडायचं तर बाहेर. माझे पाव फुगायला ठेवलेत."

घरी आल्यावर बाबांनी पिल्लू उलटं करून पाहिलं आणि दोन दिवस टाचणीशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "परत देऊन ये."

"देते. मीही तिथेच राहते मग. मावशींना भट्टीवर माणूस हवंच आहे."

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. पण रात्री आईनं पाहिलं तर त्यांचा हात पलंगाखाली लोंबत होता आणि पिल्लू ती बोटं चघळत होतं.

नाव ठेवलं सुई. भावजी म्हणाले, "छान. घरात आता टोचणाऱ्यांचंच बहुमत." आणि गावभर चर्चा, बावीस वर्षांच्या पुलावर टाचणीनं शेपटीवाली नवरी आणलीय म्हणून. सलूनवाला तर घरी येऊन बाबांची दाढी फुकट करून गेला, इतका आनंद.

दहा महिने तिनं सुईला शिकवलं. कारखान्यात उरलेल्या पट्ट्याच्या तुकड्यांची तीस फुटांची दोरी स्वतः शिवली, दुहेरी टाक्याची. रोज कामावरून आली की माळावर. बाबा काठी टेकत दारापर्यंत यायचे, मग कुंपणापर्यंत, मग एक दिवस माळावरच येऊन ओरडायला लागले, "ओढू नकोस तिला. तिला माहीत आहे, तुला नाही माहीत." टाचणी हसली फक्त, पाठ करून.

आणि आता बघ नशीब. मोसमाच्या पहिल्या दिवसाला दोन दिवस राहिले आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर रक्ताचे थेंब. सुई माजावर आली.

बाबा खुर्चीत बसले. "झालं."

भावजींकडे उपाय तयार होता, एजंटच तो. "माझ्या एका ग्राहकाकडे नर आहे. एका दिवसासाठी आणतो. जनावर हजर झालं की झालं. जागा राहील, मी उभा राहतो, सुई आजारी आहे म्हणून सांगू."

"ती आजारी नाही," टाचणी म्हणाली. "आणि जागा उसन्या कुत्र्यावर नको."

"मग जागा जाईल."

"बघू कोण नेतो."

पहिल्या दिवशी उजाडता ती वजनकाट्यापाशी हजर, सुईला दोरीवर घेऊन. भावजीही आलेले, बाबांची बंदूक खांद्याला लावून. सात कुत्री होती तिथे. पाच मिनिटांत काय झालं ते सांगायला नको. एकानं मालकाला लोळवलं, दोघांची जुंपली, एक गाडीच्या खिडकीतून अर्धा बाहेर. म्होरक्या पुढे आला. म्होरक्या म्हणजे पथकाचा प्रमुख, हार्डवेअरचं दुकान आहे त्याचं, बोलतो पण खिळा ठोकल्यासारखं.

"हिला घरी ने."

"का?"

"का म्हणजे? डोळे आहेत ना? कुत्री वेडी झालीत."

"डोकी सातांची फिरलीत," टाचणी म्हणाली, "आणि घरी बसायचं हिनं?"

कुणीतरी मागे हसलं आणि मग खोकल्यासारखं केलं.

वजनकाट्याच्या शेडमध्ये नियमांची पाटी आहे. बाबांनीच रंगवलेली, वर नियम आणि खाली आठ घरांची नावं. टाचणीनं नुसतं बोट दाखवलं. जनावराबद्दल तिथे एवढंच होतं, पहिल्या दिवशी हजर. म्होरक्यानं बराच वेळ पाटी वाचली, जशी काही नवीन अक्षरं फुटणार होती तिला.

शेवटी म्हणाला, "कालव्यापलीकडे बांधावर उभी राहा. दोरी सोडायची नाही. पुलावर आजच्यापुरता सलूनवाला. आणि पहिला नियम सगळ्यांना माहीत आहे."

पहिला नियम असा: हाका संपल्याची शिट्टी होईपर्यंत जागा सोडायची नाही, सोडली त्यानं पथक सोडलं. कारण उघड आहे. गवतापलीकडे कोण कुठे उभं आहे हे नक्की माहीत नसेल तर गोळी कुणालाही लागेल.

हाका सुरू झाला. डुक्कर उठवायला सात कुत्री गवतात सोडली. टाचणी एकटी बांधावर, भावजी लांब गाड्यांपाशी, सुई तिच्या पायाशी थरथरत. सगळं नीट चाललेलं. आणि मग वारा फिरला. टाचणीला गालावर कळलं. तिच्याकडून गवताकडे. तिला वाटलं, हलावं, बांधावरून खाली उतरावं. पण जागा सोडायची नाही म्हणजे नाही. ती उभी राहिली.

गवतातून आवाज उठले. एक, दोन, सातही. असे आवाज की इतक्या वर्षांत कुणी ऐकले नव्हते. आणि सगळे पुलाकडे. प्रत्येक जण आपापल्या जागी कान टवकारून, म्हणजे मोठंच डुक्कर आहे, सरळ पुलावर चाललंय. सलूनवाल्यानं बंदूक उचलली, चार वर्षांचं स्वप्न, श्वास रोखून. गवत फाटलं आणि बाहेर आली सात कुत्री. डुक्कर नाही. जिभा बाहेर, एकमेकांवर गुरगुरत, पुलावरून धाडधाड पलीकडे, सुईकडे.

टाचणीनं सुईला उचलून खांद्यावर घेतलं आणि काठीनं सातांना हाणत उभी राहिली. आणि तिथून, उंचावरून, तिला दिसलं ते दुसऱ्या कुणालाच दिसलं नाही. म्होरक्या आपली जागा सोडून पुलाकडे पळत होता. चांगली पन्नास पावलं आला होता. आवाज ऐकून राहवलं नसेल. आणि खरं डुक्कर, ते शांतपणे त्याच्या रिकाम्या जागेतून बाहेर पडलं. तो वळला, घाईत बार काढला. डुक्कर बसलं, उठलं, आणि वीटभट्टीच्या दिशेच्या गवतात घुसलं.

शिट्टी झाली. सगळे जमले. म्होरक्या म्हणाला, "माझ्यासमोरूनच निघालं. लागलंय, पण पडलं नाही." त्यानं टाचणीकडे पाहिलं. टाचणीनं सुईला खाली उतरवलं आणि दोरी सारखी केली.

जखमी डुक्कर सोडून देता येत नाही. वीटभट्टीवर माणसं, बायका विटा वाहतायत, पोरं खेळतायत. आणि सात कुत्री? ती गाडीत कोंडली, आत नुसता गळा काढून बसलेली. माग काढायला उरली कोण?

म्होरक्या भावजींकडे वळला. "दोरी तू घे. जखमी जनावर आहे, हिचं काम नाही."

भावजींनी हात पुढे केला. टाचणीनं दोरी मनगटाला दोन वेढे घेऊन गुंडाळली.

"हट्टाची वेळ आहे का ही?" म्होरक्या म्हणाला. "भट्टीवर लेकरं आहेत."

"म्हणूनच थांबत नाही. मागे यायचं असेल त्यानं बंदूक घेऊन यावं."

आणि निघाली. परवानगी नाही, काही नाही. डुक्कर बसलं होतं तिथे सुईचं नाक टेकवलं, आणि सुई चालायला लागली. मागे कोण आलं माहीत आहे? भावजी. घाम फुटलेला, बंदूक हातात, "हे कुठल्याच पॉलिसीत बसत नाही" असं पुटपुटत, पण आले.

वीटभट्टीचा फाटा आला. म्होरक्या मागून, लांबून ओरडला, "डावीकडे, रक्त डावीकडे आहे." होतंच डावीकडे, लालभडक, डोळ्यांनी दिसत होतं. सुई तिथे थांबली. एक पाऊल मागे आली. आणि उजवीकडे वळली, जिथे काहीच नव्हतं. टाचणीला बेकरीची फरशी आठवली. तिनं दोरी ओढली नाही.

डुक्कर डावीकडे गेलं होतं, पण आपल्याच पावलांवर उलटं फिरून उजवीकडे आलं होतं. पंपाच्या खोलीमागे, पडक्या भिंतीच्या आडोशाला दबा धरून बसलेलं, येणाऱ्या वाटेकडे तोंड करून. सुई वीस पावलांवर थांबली आणि एकदाच भुंकली. बारीक. डुक्कर उठलं. भावजींनी डोळे मिटले की उघडे ठेवले हे ते आजही सांगत नाहीत, पण बार बरोबर लागला.

संध्याकाळी म्होरक्या घरी आला. पाटी काखेत. बाबांपुढे ठेवली. "जागा तुमच्या घराची, कबूल. कुत्री चांगली आहे. तुमचं नाव खोडा आणि जावयाचं घाला. मुलीनं कुत्री सांभाळावी, हवं तर गाडीत बसून यावं."

तो गेल्यावर बाबांनी रंगाचे डबे काढले. जुनं नाव खरवडलं. ब्रश बुडवला आणि थांबले. भावजींकडे पाहिलं.

भावजी म्हणाले, "मला काय बघता? दोरी माझ्या हातात असती तर मी डावीकडे गेलो असतो."

बाबांनी ब्रश टाचणीपुढे धरला. "अक्षर नीट काढ. माझी पाटी आहे."

तिनं काढलं. टाचणी नाही, पूर्ण नाव, आई घेते ते. आणि शेजारी बारीक अक्षरात, सुई.

पुढच्या रविवारी पाटी शेडमध्ये लागलेली. सगळे एकेक करून वाचून बाजूला झाले. म्होरक्यानं दुकानातून टर्पेंटाइनचा डबा आणि फडकं आणलेलं. टाचणीला बाजूला घेतलं. "पूस. नाहीतर तुमच्या घराची जागा सलूनवाल्याला. पाटीवर कधी बाई नव्हती, असणार नाही. हा नियमच आहे."

"कितवा?"

त्यानं फडकं पुढे केलं.

आता बघ, ती त्याच्यासमोर उभी, मागे पाटी, पाटीवर पहिला नियम बोटभर अक्षरात. तिच्या एका वाक्यात तो पथकाबाहेर गेला असता. सहा माणसं दहा पावलांवर ऐकायला तयार. भावजी तिथेच. आणि ती हळूच बोलली, त्याला एकट्यालाच ऐकू येईल असं.

"तुम्ही जागा सोडलेली मी पाहिली. बांधावरून स्वच्छ दिसतं. ते मी पथकात कुणाला सांगणार नाही. आणि नावही पुसणार नाही. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. नाव सुईच्या नाकावर लागलंय, तुमच्या चुकीवर नाही."

म्होरक्याचा चेहरा असा झाला की काय सांगू. डबा हातात तसाच. तिनं त्याच्या हातातलं फडकं घेतलं. सगळ्यांना वाटलं, पुसते. ती खाली बसली आणि सुईचे चिखलाचे पंजे पुसले, चारही, सावकाश. मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अजून दोन आठवडे आम्ही कालव्यापलीकडे, दोरीवर. त्यानंतर पुलावर. हाका कधी सुरू करताय? ऊन वर आलं."

कुणी हललं नाही. मग सलूनवाला, ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान, तो कुत्र्याची साखळी ओढत म्हणाला, "चला ओ, गिऱ्हाईकं येतील माझी दुपारी." आणि लोक निघाले. म्होरक्याही निघाला, सगळ्यात शेवटी, डबा घेऊन. नाव अजून आहे पाटीवर, जाऊन बघ.

पण भावजींना त्या रात्री तिनं सांगितलं आणि ते कपाळ धरून बसले. म्हणाले, सोडलंस का त्याला, उद्या तो पुन्हा काहीतरी काढेल, हुकमाचा पत्ता होता हातात. बाबा म्हणाले, बरोबर केलंस. घरात अजून दोन तट आहेत.

आता विचार काय विचारायचं ते. नाही, थांब, आधी मीच विचारतो. तू तिथे असतास, हातात फडकं, समोर म्होरक्या, मागे पहिला नियम, तर तू काय केलं असतंस? सांगून टाकलं असतंस?